मागांच्या मुलखातली बर्फावरची शर्यत

भिवंडीकरांनो, पाण्याच्या आणि हवेच्या झोताने आडवा धागा फेकणारे शटललेस माग व्लादिमीर स्वाती या चेक संशोधकाने घडवले. त्याच्याच देशातलं लिबेरेत्स हे जुनं कापडाचं शहर. मला मात्र ते आवडतं ते जवळच्या यिझेरा डोंगरातल्या शर्यतीमुळे.

1968 साली तिथल्या गिर्यारोहकांनी हिवाळी सरावासाठी 50 किलोमीटरची क्रॉस-कंट्री स्कीइंग शर्यत सुरू केली, यिझेर्स्का पादेसात्का. यात उतारावरून नुसतं घसरायचं नसतं. स्की अरुंद, टाच मोकळी, चढही स्वतःच्या दमावर चढायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात घुसले.

कम्युनिस्ट राजवटीत, म्हणजे 1948 ते 1989, पश्चिमेकडे जायला सरकारी परवाना लागे, परकीय चलनही सरकारच देणार. स्वीडनची 90 किलोमीटरची वासालोपेत ही स्की-शर्यत सामान्य हौशी स्कीपटूला जवळपास अप्राप्यच. त्यामुळे घरच्या डोंगरातल्या या वाटेचं मोल केवढं असेल!

मग या शर्यतीला एका दुर्घटनेची किनार लागली. 31 मे 1970 रोजी पेरूत भूकंप झाला. वास्करान पर्वतावरून बर्फ-दगडांचा लोंढा कोसळला आणि पायथ्याशी तळ ठोकलेले 14 चेकोस्लोव्हाक गिर्यारोहक गाडले गेले. त्यांच्या पथकातला पंधरावा आधीच अपघातात गेला होता. तेव्हापासून ही शर्यत त्यांच्या स्मरणार्थ होते.

राजवट गेली, शर्यत टिकली. आज बेदर्झिखोव्ह गावातून जगभरचे हौशी स्कीपटू निघतात. हिवाळ्यात तिची चित्रफीत जरूर बघा, विशेषतः मागच्या रांगांतली वयस्कर मंडळी.