गाडीच्या दिव्याचा फ्यूज : कोणता आणि कुठे?

फ्यूज हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, प्रश्नपत्रिका अवघड निघाली तरी ‘डोक्याचा फ्यूज उडाला’ असे आपण म्हणतो. मात्र फ्यूज कशासाठी असतो, असे विचारले तर शास्त्रशाखेचा विद्यार्थीदेखील ‘बल्ब जळू नये म्हणून’ असे उत्तर देतो. हे बरोबर नाही. बल्ब जळायचा तेव्हा जळतोच. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी.

माझे मामा इंदूरला मोटारींच्या वायरिंगचे काम करतात. सरवटे बसस्थानकापासून त्यांचे दुकान जवळच आहे. (हे बसस्थानक ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते तात्या सरवटे म्हणजे इंदूरचे मराठी पुढारी आणि संविधान सभेचे सदस्य, आपल्या भागात हे फारसे कोणाला ठाऊक नसते.) सुट्टीत तीन आठवडे मी त्या दुकानात बसलो आणि पुस्तकात वाचलेला जूलचा नियम तेथे प्रथमच हाताला चटका देऊन समजला.

तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टचीच असते, तिला हात लावला तरी झटका बसत नाही. म्हणून लोक तिला गरीब समजतात. पण तिचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने, तार कोठे पत्र्याला टेकली तर क्षणात शेकडो अँपियर प्रवाह वाहू शकतो. अशा वेळी सगळ्यांत आधी वितळावी अशी एक कमजोर जागा मुद्दाम ठेवलेली असते. ती जागा म्हणजे फ्यूज.

आता निवड कशी करावयाची? वॉटला व्होल्टने भागले की अँपियर मिळतात. पंचावन्न वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॉट. भागिले १२, म्हणजे सुमारे ९.२ अँपियर. मग दहाचा फ्यूज पुरेल, असे मलाही वाटले होते. पण मामांनी डबीतून पंधराचा काढला. फ्यूजवर त्याच्या आकड्याच्या साधारण तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भार सतत ठेवू नये. शिवाय थंड टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या सुमारे एक दशांश असतो, त्यामुळे बटण दाबताच क्षणभर प्रवाहाची उसळी येते. उलट मागचे पाच पाच वॉटचे दिवे व नंबरप्लेटचा दिवा मिळून दीड अँपियरही होत नाही. तेथे पाचाचा फ्यूज भरपूर झाला. चोवीस व्होल्टच्या ट्रकमध्ये तेवढ्याच वॉटला निम्माच प्रवाह लागतो, हेही ध्यानात असावे. अर्थात गाडीच्या पुस्तिकेत किंवा झाकणावर जो आकडा छापला आहे तो अखेरचा. कारण तारेची जाडी ठरवणाऱ्यानेच तो ठरवलेला असतो.

हल्लीच्या ब्लेड फ्यूजचे रंग पाठच करावेत: ५ बदामी, ७.५ तपकिरी, १० तांबडा, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा.

एके दिवशी खंडवा रस्त्यावर धावणारी एक प्रवासी जीप दुकानात आली. एक हेडलाइट मंद आणि जळकट वास. फ्यूजच्या दोन पायांना तांब्याची तार गुंडाळलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘भिया, रात का टाइम था, फ्यूज कहाँ ढूँढता? तार लगा दी.’’ मामा काही बोलले नाहीत. त्यांनी डॅशबोर्डखालून वायरिंगचा गठ्ठा ओढून दाखवला. प्लास्टिक वितळून चार तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. दिव्यामागे पत्र्याच्या धारेवर तार घासली गेली होती, एवढाच मूळ दोष. या अवस्थेत ही गाडी माणसे भरून सिमरोलच्या पुढचा भेरूघाट रोज उतरत होती! बोटांनी गुंडाळलेली तार कितव्या अँपियरला वितळेल हे कोणीच सांगू शकत नाही. आपल्या चोर्ला घाटातही अशा गाड्या नसतील असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. शंभर वॉटचे बल्ब लावून मग तीसचा फ्यूज बसवणारे हौशी लोकही याच पंक्तीतले. त्यांच्याविषयी मामांचे मत येथे छापण्यासारखे नाही.

फ्यूजची पेटी शोधणे अवघड नाही. मोटारीत बहुधा दोन पेट्या असतात : एक ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली, दुसरी बॉनेटखाली बॅटरीशेजारी. मोटारसायकलीत सीटखाली किंवा बाजूच्या झाकणामागे पाहावे. जुन्या किकच्या स्कूटरचा हेडलाइट बहुधा थेट मॅग्नेटोवर चाले, तेथे फ्यूज शोधत बसू नये. झाकणाच्या आतल्या बाजूस नकाशा असतो. पुष्कळ गाड्यांत डाव्या व उजव्या हेडलाइटला वेगळा फ्यूज देतात, म्हणजे एक उडाला तरी रस्ता दिसत राहतो. मागचा दिवा, नंबरप्लेट आणि मीटरचा दिवा एकदम गेले, तर संशय फ्यूजवर. एकटाच दिवा गेला तर आधी बल्ब पाहावा.

तपासण्यासाठी बारा व्होल्टचा लहान बल्ब व दोन तारा पुरतात. एक तार गाडीच्या पत्र्याला लावावी, दिव्याचे बटण चालू ठेवावे, आणि दुसरी तार ब्लेड फ्यूजच्या डोक्यावरील दोन उघड्या ठिपक्यांना आळीपाळीने टेकवावी. दोन्हीकडे उजेड पडला तर फ्यूज ठीक. एकीकडेच पडला तर तो उडाला आहे. कोठेच नाही, तर दोष आधीच्या बटणात किंवा रिलेमध्ये. अँबेसडरसारख्या जुन्या गाड्यांत काचेचे फ्यूज असत. त्यांच्या टोकांवर गंज चढला की तार शाबूत असूनही दिवा लागत नसे, आणि नुसते फिरवून घासले तरी काम होई.

बदली फ्यूज बसवताना बटण बंद ठेवावे. तोही लगेच उडाला तर तिसरा घालू नये. डिकीच्या बिजागरीपाशी आणि दिव्यांच्या मागे, जेथे तार वाकते वा पत्र्यातून आरपार जाते, तेथे बॅटरी घेऊन पाहावे. मामांच्या दुकानात निघालेले बहुतेक दोष याच दोन जागी सापडले.