ठोक्यांनी पितळ कडक का होतं?

भंडारा शहराची ओळख पितळेच्या भांड्यांसाठी. स्टीलनं घरोघरची फळी बळकावली, तरी ही ओळख पुसली गेली नाही. या धंद्यातल्या कारागिराला एक गोष्ट पुस्तकाशिवाय कळते. हातोडी चालवत राहिलं की पितळ आकार घेतं, पण ठोक्यागणिक हट्टीही होत जातं. तसंच रेटत राहिलं तर तडकतं. म्हणून मध्येच ते भट्टीत लालसर होईपर्यंत तापवायचं, की पुन्हा मऊ. वजन तेच, तांब्या-जस्ताचं प्रमाण तेच. मग आत बदललं काय?

1926 मध्ये रशियाच्या याकोव फ्रेंकेल यांनी हिशेब मांडला. धातू स्फटिकांचा बनलेला असतो; त्यातला अणूंचा अख्खा थर दुसऱ्या थरावरून एकदम सरकवायला किती जोर लागेल? उत्तर शुद्ध, मऊ धातूंच्या प्रत्यक्ष ताकदीच्या हजारपटीनं मोठं आलं! या हिशेबानं तांब्याची जाड तार हातानं वाकायलाच नको.

गोम अशी, की थर एकदम सरकतच नाही. लग्नाची पंगत बसली आहे आणि ऐनवेळी एक पाहुणा टोकाला येऊन घुसला, असं समजा. शेजारच्याला दाटी झाली, तो जरा सरकला. आता त्याच्या पलीकडच्याला दाटी. प्रत्येक जण आपापल्या वेळी एका पाटापुरताच हलतो, दाटी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. ती पलीकडून बाहेर पडते तेव्हा सगळी पंगत एक पाट सरकलेली असते, तीही कुणालाही एकदम न उठवता. स्फटिकात ही दाटी म्हणजे अर्ध्यातच संपलेला अणूंचा एक जास्तीचा थर. त्याच्या कडेची रेषा म्हणजे डिसलोकेशन. ती थोड्याशा जोरानं पुढे सरकते आणि धातू वाकतो.

ही कल्पना 1934 मध्ये तिघांनी स्वतंत्रपणे मांडली: इंग्लंडचे जी. आय. टेलर आणि मूळचे हंगेरीचे मायकेल पोलान्यी व एगॉन ओरोवान. टेलर तेव्हाच नामवंत होते. ओरोवान मात्र नुकती डॉक्टरेट मिळवलेले, धड नोकरी नसलेले. म्हणूनच मला ते अधिक भावतात. धातूत हे प्रत्यक्ष घडताना दिसायला मात्र 22 वर्षं लागली. 1956 मध्ये केंब्रिजला हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, या रेषा चक्क चालताना पाहिल्या.

आता ठोक्यांकडे येऊ. प्रत्येक ठोका नव्या रेषा जन्माला घालतो. भरपूर ठोकलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमधल्या रेषा सरळ करून जोडल्या, तर लांबी दहा लाख किलोमीटरच्या घरात जाते. चंद्रावर जाऊन परत येण्यापेक्षाही जास्त! इतक्या रेषा एकमेकींत अडकतात, कुणालाच पुढे जाता येत नाही, आणि पितळ कडक होतं. भट्टीत अणूंना हालचालीची मुभा मिळते, गुंता असलेल्या कणांच्या जागी नवे, स्वच्छ स्फटिककण वाढतात. पितळ पुन्हा शहाणं होतं.

ठोक्यांनी कडक होणारं पितळ एकटंच नाही. भंडारा जिल्ह्यातच, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघतं. त्याचं प्रमाण पोलादात 12-13 टक्क्यांवर नेलं, की रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी 1882 मध्ये शोधलेलं पोलाद तयार होतं. रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगवर चाकांचे जितके दणके बसतील तितका त्याचा पृष्ठभाग कडक होतो. तिथंही डिसलोकेशनची वाट अडणं हे एक कारण आहेच.

‘निर्दोष स्फटिक सर्वांत मजबूत’ अशा बातम्या अधूनमधून येतात. केसासारख्या बारीक स्फटिकतंतूंबाबत ते खरंही आहे; पण त्यांचा हंडा घडत नाही. धातू घडवता येतो तो दोष असतात म्हणून, आणि टिकतो तो दोष अडकतात म्हणून. तेव्हा मठारलेलं भांडं घेताना घासाघीस करण्याआधी एवढं लक्षात ठेवा: ते ठोके नुसत्या शोभेचे नाहीत, भांड्याची मजबुती त्यांतच आहे.