अष्टपैलूपणाचे मोल

गेल्या वर्षी आंतरशालेय क्रिकेट सामन्यांच्या वेळी आमच्या संघातील एक विद्यार्थी लागोपाठ तीन दिवस गोलंदाजी करीत होता. फलंदाजीतही त्याचा क्रमांक वरचा. चौथ्या दिवशी सकाळी त्याला अंथरुणावरून उठवेना. चौकशी करता कळले की, त्याची पाठ पंधरा दिवसांपासून दुखत होती. परंतु संघातून वगळतील या भयाने त्याने ती गोष्ट कोणासही सांगितली नव्हती. अष्टपैलू खेळाडूच्या गौरवाचे मोल त्याच्या शरीरास कसे द्यावे लागते, हे विद्यार्थ्यांपुढे मांडावे, असे तेव्हापासून आमच्या मनात होते. उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. ते आपल्या बडोद्यातच आहे.

बडोद्यास अष्टपैलू खेळाडूंची जुनी परंपरा आहे. सांगलीस जन्मलेल्या विजय हजारे यांनी बडोद्याकडून खेळताना १९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात गुल महंमद यांच्यासह ५७७ धावांची भागी केली, आणि आपल्या मध्यमगती गोलंदाजीने कसोटी सामन्यात ब्रॅडमन यांचाही त्रिफळा उडविला. त्याच परंपरेतील आजचा खेळाडू म्हणजे हार्दिक पांड्या. त्याचा जन्म १९९३ सालचा, सुरतेकडचा. मुलांना क्रिकेटचे शिक्षण मिळावे म्हणून त्याच्या वडिलांनी आपला व्यवसाय गुंडाळून बडोद्यात बिऱ्हाड केले. हार्दिक व त्याचा थोरला भाऊ कृणाल हे दोघेही किरण मोरे यांच्या अकादमीत शिकले. आरंभी हार्दिक लेगस्पिन टाकीत असे. वेगवान गोलंदाजीकडे तो वळला तो सुमारे अठराव्या वर्षी.

वेगवान गोलंदाज चेंडू टाकतो तेव्हा त्याचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावाटे कंबरेपर्यंत पोहोचतो. त्याच क्षणी धड मागे व एका बाजूस वाकलेले असून पिळलेही जात असते. हा ताण कंबरेच्या मणक्यांमागील हाडाच्या लहानशा दुव्यावर पडतो. विश्रांती मिळाल्यास हाड आपली झीज भरून काढते. न मिळाल्यास त्यात बारीक चीर पडते. वाढत्या वयात हाड पुरते पक्के झालेले नसल्याने हा धोका अधिक. निव्वळ गोलंदाज आपली षटके संपवून पुढे विसावा घेऊ शकतो; अष्टपैलू खेळाडूस मात्र पुन्हा बॅट घेऊन धावावे लागते.

हार्दिकचा प्रारंभ दैदीप्यमान होता. २०१७ साली पल्लेकेले येथे त्याने आपले पहिले कसोटी शतक उपाहारापूर्वीच्या एकाच सत्रात झळकाविले. त्यात एका षटकातील २६ धावा होत्या. पुढील वर्षी नॉटिंगहॅमच्या कसोटीत त्याने २८ धावांत ५ बळी मिळविले. परंतु त्यानंतर महिनाभरातच, १९ सप्टेंबर २०१८ रोजी, दुबईत पाकिस्तानविरुद्ध गोलंदाजी करताना तो एकाएकी जमिनीवर कोसळला. कंबरेने दगा दिला होता. त्याला स्ट्रेचरवरून मैदानाबाहेर न्यावे लागले. २०१९ च्या ऑक्टोबरात लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. पुढे बराच काळ तो केवळ फलंदाज म्हणून खेळला. कसोटी सामन्यांची त्याची संख्या ११ वरच थांबली. २०१८ नंतर त्या खेळात तो दिसला नाही.

येथे अनेकजण खचले असते. हार्दिकने गोलंदाजीची घाई केली नाही; काही काळ संघाबाहेर राहून शरीर पुन्हा घडविले. २०२२ साली, ज्या दुबईत त्याला स्ट्रेचरवरून नेले होते तेथेच, पाकिस्तानविरुद्धच त्याने २५ धावांत ३ बळी घेतले आणि तीन चेंडूंत सहा धावा हव्या असता षटकार मारून सामना जिंकून दिला.

तरीही दैवाने त्याची पाठ सोडली नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुणे येथे विश्वचषकात, अवघे तीन चेंडू टाकल्यावर, फलंदाजाचा सरळ फटका पायाने अडविताना त्याचा डावा घोटा दुखावला. त्याचे षटक कोहलीने पूर्ण केले आणि हार्दिकची ती स्पर्धा तेथेच संपली. ही दुखापत मात्र वेगळ्या जातीची होती. साचत गेलेल्या ताणाला आवर घालता येतो. अपघाताला कोण आवर घालणार? २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउन येथे टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला २४ चेंडूंत २६ धावा हव्या असता त्याने क्लासेनला बाद केले. अखेरच्या षटकात १६ धावांचे रक्षण करण्याचे कामही त्याच्याकडेच आले आणि भारताने ७ धावांनी विजय मिळविला.

बडोद्याचाच इरफान पठाण याची आठवण येथे होते. २९ कसोटींत १,१०५ धावा आणि १०० बळी ही त्याची कामगिरी. परंतु २००८ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, तो शेवटची कसोटी खेळला. पुढील काळात दुखापतींनी त्यालाही वारंवार मैदानाबाहेर ठेवले. इंग्लंडच्या फ्लिंटॉफनेही गुडघ्याच्या व्यथेमुळे २००९ मध्ये कसोटी क्रिकेट सोडले. सारांश, हे दुःख कोण्या एकट्याचे नाही.

हार्दिकला पुनरागमन साधले. पण कसोटी क्रिकेट तो गमावून बसला, हेही आपण विसरू नये. त्याच्यामागे वैद्य होते, प्रशिक्षक होते, साधने होती. आमच्या विद्यार्थ्यांपाशी त्यांतील फारसे काही नाही. दुखते तेव्हा 'दुखते' असे सांगण्याचे धैर्य तेवढे असू शकते. आणि ते सांगणाऱ्यास भित्रा न म्हणण्याची जबाबदारी आम्हां शिक्षकांची आहे. आमचा तो विद्यार्थी कित्येक महिन्यांच्या विश्रांतीनंतर आता पुन्हा मैदानावर येऊ लागला आहे. सध्या तो फक्त फलंदाजी करतो. चेंडू हाती घेण्याची त्याला घाई आहे, आम्हांस नाही.