चिलिकेच्या काठी दोन दिवस

भुवनेश्वरहून शनिवारी सकाळी निघावे आणि रविवारी रात्री परत यावे, अशा सहलीसाठी ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, चिलिका सरोवर मुलाबाळांसह जाणाऱ्यांना फार सोयीचे आहे. वाटेत पहिला मुक्काम बहुधा धौलीच्या टेकडीपाशी होतो. तेथील खडकावर अशोकाचे लेख कोरलेले असून त्यांच्या वर खडकातून पुढे आलेला हत्ती दिसतो. मुले हत्तीपाशी रेंगाळतात, मोठी माणसे कलिंगयुद्धाची हकीकत सांगतात. जवळून वाहणाऱ्या दया नदीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः या प्रवासाची खरी वाटाडी तीच होय. कारण तिचे पाणी पुढे चिलिकेसच मिळते.

पिपिलीस रंगीत कापडाचे तुकडे जोडून केलेले कंदील घ्यावेत, पुरीस जगन्नाथाचे दर्शन करावे आणि ब्रह्मगिरीमार्गे सायंकाळपर्यंत सातपाड्यास पोहोचावे. पुरीपासून हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे.

चिलिका हे सरोवर म्हटले जात असले, तरी ते खारकच्छ आहे; म्हणजे वाळूच्या लांब दांड्याने समुद्रापासून तोडलेले उथळ पाणी. उन्हाळ्यात त्याचा विस्तार सुमारे ९०० चौरस किलोमीटर असतो, पावसाळ्यात तो ११०० च्या वर जातो. उत्तरेस नद्यांचे गोडे पाणी, मुखापाशी समुद्राचे खारे आणि मधल्या भागात मचूळ, अशी पाण्याची तऱ्हा ऋतूप्रमाणे पालटत राहते. कोळंबी व खेकडे अंडी घालण्यासाठी समुद्रात जातात आणि त्यांची पिल्ले मुखातून आत येतात. तेव्हा मुख बुजले, की कोळ्याची चूल विझण्याची वेळ येते.

तसेच घडूही लागले होते. किनाऱ्यालगत लाटांबरोबर वाहणारी वाळू मुखाशी साचत गेली, समुद्राकडे जाणारी वाट लांबली, खारटपणा घटला आणि गोड्या पाण्यातील तण माजले. १९८१ मध्ये रामसर करारात समाविष्ट झालेली ही पाणथळ भूमी १९९३ मध्ये धोक्यातील स्थळांच्या यादीत गेली. अखेर सप्टेंबर २००० मध्ये सिपाकुदाजवळ वाळूचा दांडा कापून नवे मुख उघडण्यात आले व समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरांनी जवळ झाली. १९९९-२००० मध्ये मासळीचे उत्पन्न जेमतेम १,७५० टनांच्या आसपास होते. २००१-०२ मध्ये ते जवळजवळ १२,००० टन झाले. २००२ मध्ये चिलिकेचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले.

रविवारी सकाळी होडीतून जाणाऱ्या पाहुण्यांना मात्र डॉल्फिनचीच ओढ असते. येथील इरावती डॉल्फिन गोल डोक्याचा, चोच नसलेला प्राणी आहे. तो उड्या मारून करमणूक करीत नाही; पाठीचा करडा भाग क्षणभर वर येतो आणि दिसेनासा होतो. गढूळ पाण्यात त्याला डोळ्यांपेक्षा कानांचाच आधार; स्वतः काढलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो भक्ष्य शोधतो. यंत्राच्या घरघरीने या शोधात व्यत्यय येतो आणि पंख्याच्या पात्यांनी त्यास इजाही होते. “अजून जवळ घ्या” असा आग्रह पाहुणेच धरतात, हे येथे सांगितलेच पाहिजे. यंत्र बंद करून होडी दूर थांबविली, तर थोड्या वेळाने त्याच्या श्वासाचा फुसकारा ऐकू येतो. मग भरतीच्या वेळी होडी मुखाकडे न्यावी. तेथे समुद्राचे पाणी आत येताना डोळ्यांना दिसते.