इ-सिगारेट आणि आपली प्रश्नपरीक्षा

‘धूम्रपान करता का?’ हा प्रश्न आपण सवयीने विचारतो. जुनाट कासाची तक्रार घेऊन आलेल्या एका महाविद्यालयीन तरुणाने मला ‘नाही’ असे उत्तर दिले आणि त्यावर विसंबून मी तीन आठवडे चिकित्सा केली. खिशातील पेनासारखे यंत्र त्याच्या लेखी धूम्रपान नव्हतेच! उणीव माझ्या प्रश्नात होती.

या यंत्रात तंबाखू जळत नाही. बॅटरीवर तापणाऱ्या तारेने द्रवाचे तुषार होऊन ते श्वासावाटे आत जातात. ज्वलन नसल्याने सिगारेटच्या धुरातील डांबर टळते, निकोटिनचे व्यसन मात्र टळत नाही. म्हणून व्यवसायबंधूंत ऐकू येणारी ‘निरुपद्रवी’ व ‘सिगारेटइतकीच घातक’ ही दोन्ही मते अपुरी होत.

औषधविक्रेत्यांनी विशेष ध्यानात घ्यावे, की २०१९ च्या केंद्रीय कायद्याने या यंत्रांचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी असून निकोटिनविरहित यंत्रेही तीत येतात. वगळली आहेत ती फक्त १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेली उत्पादने. तेव्हा ‘वनौषधीयुक्त’ म्हणून कोणी पेटी आणून दिल्यास परवाना पाहिल्याविना ती फडताळात ठेवू नये. पहिल्याच विक्रीस एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शास्त्रोक्त धूमपानाचा दाखला येथे गैरलागू आहे. तेथे काल व मात्रा ठरलेली असून वाग्भटांनी अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूम वर्ज्य सांगितला आहे. केसपेपरवर मी आता ‘सिगारेट, विडी, हुक्का, व्हेप’ असे चार शब्द छापून घेतले आहेत.