नवा संगणक, पण लॉगिनचा पडदा येईना

दुकानाच्या हिशेबासाठी नवा संगणक घेतला, उबंटू लिनक्स टाकले आणि लॉगिनऐवजी नुसता काळा पडदा! मेकॅनिक 'पुन्हा इन्स्टॉल करू' म्हणतो, त्याचे पैसे वेगळे. आम्ही म्हणतो, थांबा. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डालाच लावलेली आहे ना, हे आधी पाहा. मग कंट्रोल, ऑल्ट व एफ३ एकत्र दाबा. साध्या अक्षरांत नाव व पासवर्ड मागितला, तर यंत्रणा शाबूत आहे. बिघाड चित्र दाखवणाऱ्या भागात आहे. पुष्कळदा तो एनव्हिडिया कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो. तो नीट टाकून घ्यावा, मेकॅनिकला तेवढेच सांगावे. सर्व्हर आवृत्ती टाकली असेल तर मात्र चित्रमय पडदा मुळातच येत नाही, त्यात संगणकाचा दोष नाही.