दुकानातील जोखीम : शब्द, मापन आणि निवारण

व्यापाराच्या मराठीत 'जोखीम' हा शब्द जुना व रुळलेला आहे. 'जोखमीची वस्तू' म्हणजे दागिना किंवा रोकड. आणि 'जोखमी हुंडी' म्हणजे माल सुखरूप पोहोचला तरच जिचे पैसे द्यावयाचे, अशी हुंडी. या हुंडीत मालाच्या प्रवासातील जोखीम कोणी पत्करावयाची, हे आधीच ठरलेले असे. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे : जोखीम मालाची आणि पैशाची असते. तोच माल उचलणाऱ्या, माळ्यावर चढविणाऱ्या किंवा दिवसभर उभे राहून विकणाऱ्या नोकराच्या शरीराला हा शब्द क्वचितच लावला जातो. किरकोळ विक्रीच्या दुकानांतील सुरक्षिततेचा विचार करताना आरंभ येथूनच केला पाहिजे. कारण ज्याला नाव नाही, त्याची मोजदाद होत नाही, आणि ज्याची मोजदाद नाही, त्याचे निवारण होत नाही.

प्रथम दोन संज्ञा वेगळ्या करणे अवश्य आहे. नित्याच्या बोलण्यात 'धोका' आणि 'जोखीम' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. शास्त्रीय विवेचनात मात्र धोका म्हणजे हानी करण्याची क्षमता, आणि जोखीम म्हणजे ती हानी प्रत्यक्ष घडण्याचा संभव व तिची तीव्रता यांचा एकत्रित अंदाज. किराणा दुकानाच्या माळ्यावर ठेवलेला १५ किलो तेलाचा डबा हा धोका होय. तो दिवसातून किती वेळा उतरविला जातो, कोण उतरवितो, लाकडी घोड्याचे पाय समतल टेकतात किंवा नाही, यांवर जोखीम ठरते. धोका डोळ्यांना दिसतो. जोखीम जोखावी लागते. 'जोखीम' आणि 'जोखणे' यांच्या व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्यांतील ध्वनिसाम्य येथे अर्थाला पोषकच आहे.

जोखण्याची सर्वमान्य रीत पाच पायऱ्यांची आहे : धोके शोधणे, हानी कोणाला व कशी होईल हे ठरविणे, जोखमीचे मापन करून उपाय योजणे, निष्कर्ष लिहून ठेवणे, आणि वेळोवेळी फेरतपासणी करणे. यांतील दुसरी पायरी वरवर सोपी वाटते, परंतु खरी अडचण तेथेच आहे. "तुम्हांला पाठीच्या स्नायूंचा काही विकार आहे काय?" असे विचारल्यास नोकर बहुधा "नाही" म्हणेल. "पोते उचलताना पाठीत उसण भरते काय? संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येतात काय?" असे विचारल्यास उत्तर वेगळे येण्याचा संभव फार अधिक आहे. पाहणी करणाऱ्याची भाषा आणि काम करणाऱ्याची भाषा यांत अंतर राहिले, तर प्रश्नावली कितीही शास्त्रशुद्ध असली तरी तिच्यातून दुखणे निसटते.

मापनाचे एक उदाहरण घेऊ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाचे कमाल वजन ५५ किलोंहून अधिक असेल, तर ते कमी करावयाचे आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात उचलण्याची परिस्थिती सर्वथा अनुकूल असतानाची मर्यादा २३ किलो धरलेली आहे. वजन शरीरापासून दूर असेल, जमिनीवरून उचलावयाचे असेल किंवा कंबर वळवावी लागत असेल, तर ती आणखी उतरते. साखरेचे ५० किलोंचे पोते पहिल्या मापात बसते, परंतु दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक भरते. पहिले माप बाह्य सीमा सांगते. दुसरे शरीराला काय सोसते ते सांगते.

काही जोखमी अपघाताच्या रूपाने प्रकटच होत नाहीत. उभे राहणे ही त्यांपैकी एक. जुन्या पेठेतील कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघेही गादीवर बसत. गादी जाऊन काचेचे काउंटर आले, तेव्हा विक्रेता उभा राहिला. आणि अनेक ठिकाणी बसणे हे आळसाचे लक्षण मानले जाऊ लागले. दीर्घकाळ उभे राहण्याचा संबंध पायांतील नीला फुगणे आणि कंबरदुखी यांच्याशी आढळून आलेला आहे. इंग्लंडात १८९९ मध्येच दर तीन विक्रेत्या स्त्रियांमागे निदान एक आसन ठेवण्याचा कायदा झाला. आपल्याकडे कोझिकोडमधील विक्रेत्या स्त्रियांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने हा प्रश्न लावून धरला. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपापल्या दुकानविषयक कायद्यांत आसनाची तरतूद केली. अधिकाराला 'बसण्याचा हक्क' असे साधे नाव मिळाले, तेव्हाच तो मागता आला, हे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

निवारणाच्या उपायांतही उतरता क्रम असतो. धोका समूळ काढणे सर्वांत श्रेष्ठ. त्यानंतर कमी धोक्याचा पर्याय. मग रचनेतील बदल. मग कामाच्या पद्धतीचे नियम व सूचना. आणि शेवटी हातमोजे, पादत्राणे इत्यादी वैयक्तिक साधने. जड डबे माळ्यावरून काढून कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवणे पहिल्या प्रकारात येते, कारण मग डब्यासाठी घोड्यावर चढावेच लागत नाही. लहान पोती मागविणे दुसऱ्यात, आणि ढकलगाडी किंवा कठड्याची पक्की शिडी तिसऱ्यात. मागील दाराशी खोकी रचू न देणे हा चौथ्या प्रकारातील नियम. आगीच्या प्रसंगी त्याचे मोल कळते, परंतु तो रोज पाळावा लागतो. "सावकाश चढा", "पायरी आहे, सांभाळा" या पाट्याही चौथ्याच प्रकारात मोडतात. अशी पाटी पायरीचे अस्तित्व सांगते आणि पायरी आहे तशीच ठेवते. तिच्या आज्ञार्थी वाक्यातील अध्याहृत कर्ता नोकर असतो. सावधगिरीचा सर्व भार त्याच्याकडे जातो. पाटी लावू नये असे नव्हे. वरचे उपाय योजून झाल्यावर उरलेल्या जोखमीपुरती ती लावावी.

नोंदीच्या भाषेलाही हेच लागू आहे. "नोकर निष्काळजीपणे चालताना पडला" आणि "शीतपेटीतून तीन दिवस गळणाऱ्या पाण्यावरून नोकराचा पाय घसरला" या दोन नोंदी एकाच घटनेच्या असू शकतात. पहिलीतून शिक्षा निघते, दुसरीतून दुरुस्ती. 'पाय घसरला' या मराठी रचनेत पाय कर्ता आहे, हेतू कोणाचाच नाही. बोलीने जे आधीच मान्य केले आहे, ते नोंदवहीने नाकारू नये.

मुंबई प्रांतात दुकाने व आस्थापनांविषयीचा पहिला कायदा १९३९ मध्ये झाला. १९४८ च्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने नवा कायदा केला. स्वच्छता, प्रकाश, वायुवीजन आणि आगीपासून बचाव यांची जबाबदारी त्यात मालकावर आहे. तथापि हा कायदा करताना त्याच्या मुख्य तरतुदी १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लावण्यात आल्या. दोन-तीन नोकरांचे दुकान अशा मर्यादेबाहेर राहते. घोडा, पोते आणि ओली फरशी मात्र तेथेही असतातच. अशा दुकानांत निरीक्षकाची वाट न पाहता मालक व नोकर यांनी मिळून केलेली एका पानाची जोखीम-नोंद हाच व्यवहार्य उपाय होय. माल जोखून घेण्यात आपल्या व्यापाऱ्याचा हात कधी चुकत नाही; तोच काटा आता माल वाहणाऱ्यासाठीही लावावयाचा आहे.